जळक्या मनुका

रविवारी संध्याकाळी लेक घरी आली, खांद्यावरची सॅक उतरवली, तिच्यातून एक मोठी काचेची बरणी काढून ओट्यावर ठेवली आणि बूट सोडता सोडता म्हणाली, "ग्रॅनोला आहे. सकाळी दुधात घालून खायचा. विकतचा नाही हं, घरचा आहे." आणि हातपाय धुवायला निघूनही गेली. रंगवाली भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली. रंगांच्या दुकानात ती लोकांना रंग जुळवून द्यायची, म्हणून दुकानात, दुकानाबाहेर आणि होता होता स्वतःच्या मनातही ती रंगवालीच झाली होती. घरचा आहे. किती साधा शब्द. घरचा पत्ता, घरच्या चपला, घरचे काय म्हणतात, असा तो आपण दिवसभर वापरतो आणि कधी अडखळत नाही. पण आज तो शब्द त्या बरणीशेजारी ओट्यावर येऊन बसला आणि काही केल्या उठेना. घरचा म्हणजे कुणाच्या घरचा? मग हे काय होतं? हा ओटा, हा घट्ट बंद न होणारा नळ, समोरच्या इमारतीचा जिना दिसणारी ही खिडकी, हे सगळं मिळून इतकी वर्षं जे काही होतं त्याला काय म्हणायचं, बसस्टॉप? तिनं बरणी उचलून दिव्यासमोर धरली. आत भाजलेल्या ओट्सचे मोठमोठे खडे होते, बदामाचे काप होते, भोपळ्याच्या बिया होत्या आणि मधूनमधून कसले तरी काळे मणी. मधासारखा रंग, पण कडांना थोडा जास्त तपकिरी. डोळे आपोआप हिशेब करू लागले, पिवळा इतका, तांबडा इतका, काळ्याचा एक थेंब. मग तिनं बरणी खाली ठेवली, जरा जोरातच ठेवली.

लेकीला दोन घरं होती हे काही तिला आज कळलं नव्हतं. वेगळं होताना नवरा-बायकोंनी आवाज न चढवता, 'तू घे, नाही तूच घे' म्हणत भांडी वाटून घेतली होती आणि त्याच समजूतदारपणे लेकही वाटून घेतली होती. सोमवार ते शुक्रवार आई, शनिवार-रविवार बाप. आता जरा डोकं चालवलं तर या वाटणीत कोण बुडालं हे कुणीही सांगेल. सोमवार ते शुक्रवार म्हणजे गजर, गणवेश, दातांचा डॉक्टर, जोडीतला न सापडणारा एक मोजा, गणिताच्या पेपरावरून फुगलेली दोन तोंडं. शनिवार-रविवार म्हणजे उशिरा उठणं. बापानं दुसरं लग्न केलं तेव्हा रंगवालीला फार काही वाटलं नाही, खरंच नाही. त्या माणसाबद्दल वाटण्यासारखं तिच्याकडे जे काही होतं ते केव्हाच संपलं होतं. त्याच्या नव्या बायकोला सवत म्हणावं तर हिनं जागा आधीच रिकामी केलेली, मैत्रीण म्हणावं तर जीभ रेटत नव्हती. नात्याला नावच नव्हतं आणि त्यातच बरं चाललं होतं. पण लेकीनं पहिल्याच महिन्यात नाव शोधून काढलं, मावशी. मावशी म्हणजे आईची बहीण. रंगवालीला बहीण नव्हती. लहानपणी बहीण हवी म्हणून तिनं आईचा जीव खाल्ला होता, आणि आता चाळिशी उलटल्यावर, तिला न विचारता, पूर्वीच्या नवऱ्याच्या मार्फत तिला एक बहीण मिळाली होती. हसावं की रडावं हे कळेनासं झालं की ती नेहमी जे करायची तेच तिनं तेव्हाही केलं. ती 'छान' म्हणाली.

हेही चाललं असतं. पण यंदा लेकीची शाळा संपली आणि तिला मिळालेलं कॉलेज निघालं बापाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. इथून मात्र दोन बस बदलायच्या. बापाचा फोन आला. त्याचा आवाज अशा वेळी बँकेतल्या माणसासारखा गुळगुळीत व्हायचा. "हे बघ, तिनं कुठं राहायचं ते तिचं तिला ठरवू दे. सुट्टी संपेपर्यंत वेळ आहे. आपण दोघांनीही मध्ये बोलायचं नाही. दबाव नको." "अर्थात," रंगवाली म्हणाली. "मी कशाला बोलू?" आणि तिनं शब्द पाळला, अभिमानानं पाळला. सुट्टीचे दिवस एकेक करून ओट्यावरून ओघळत होते आणि ती त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. लेक खिडकीत बसून केस विंचरायची तेव्हा ती तिच्या पाठीकडे बघत राहायची, आंघोळीला गेली की पलंगावर पडलेला तिचा टी-शर्ट उचलून घडी करायची आणि पुन्हा होता तसाच चोळामोळा करून टाकायची. घरातली एकूण एक वस्तू तिला विचारत होती, राहणार का गं ती? आणि नेमकी अशा वेळी, कुणी काही बोलायचं नाही असं ठरलेलं असताना, त्या बाईनं ही बरणी पाठवली होती. हे बोलणं नव्हतं तर काय होतं?

सोमवारी सकाळी लेकीनं वाटीत दूध घेतलं, वर ग्रॅनोला घातला आणि पहिला घास तोंडात जाताच डोळे मिटले. रंगवाली समोर चहा घेत उभी होती. ती नेहमी उभ्यानंच चहा घ्यायची. दुकान उघडायला तिला वेळेवर पोचावं लागायचं, त्यामुळे या घरात सकाळचं खाणं म्हणजे पाव, आणि घाई असली तर नुसताच पाव. लेकीनं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. पण पाव खाताना तिनं कधी डोळेही मिटले नव्हते. कुर्रकुर्र असा आवाज होत होता. ऐकता ऐकता रंगवालीच्या दाढा शिवशिवल्या. लेक सगळं खात होती आणि ते काळे मणी तेवढे चमच्यानं वाटीच्या कडेला सारत होती. "काय आहे ते?" "मनुका. भाजताना जळतात. थोड्या कडू लागतात, पण चिकट चिकट, टॉफीसारख्या. मी शेवटी खाते." मनुका जळल्यात हे ऐकून रंगवालीला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे येत नाही तर बाईला! मनुका कुणी भट्टीत घालतं का, त्या मागाहून घालायच्या असतात हे तिला, जन्मात कधी ग्रॅनोला न केलेल्या बाईलाही, नुसत्या अकलेनं कळत होतं. पण मग लेकीनं त्या जळक्या मनुका एकेक करून जिभेवर ठेवल्या, चघळल्या, आणि रंगवालीचं बरं वाटणं तिथंच विरलं. चांगली केलेली गोष्ट आवडणं निराळं. इथं त्या बाईची चूकसुद्धा हिला आवडत होती. रंगवालीनं आयुष्यात इतक्या चुका केल्या, त्यातली एखादी तरी कुणी अशी शेवटी खायला राखून ठेवली होती का?

दुपारी दुकान बंद असायचं आणि ती जेवायला घरी यायची. लेक मैत्रिणींकडे गेलेली असे. त्या आठवड्यात रंगवाली रोज जेवायची कमी आणि बरणीतलं खायची जास्त. पहिल्या दिवशी एक खडा, नुसता चव कळावी म्हणून. दुसऱ्या दिवशी मूठ. मग तिला भानच राहिलं नाही, उभ्या उभ्या, पदर सांभाळत, बरणीत हात घालून ती मूठमूठ तोंडात कोंबत होती आणि रागानं चावत होती. भुकेचा त्याच्याशी संबंध नव्हता. तिला ते संपवायचं होतं. दालचिनी होती, संत्र्याची किसलेली साल होती, आणि सगळ्या गोडाच्या मागे मीठ होतं, अगदी नेमकं. चावता चावता तिला त्या घरातलं स्वयंपाकघर दिसू लागलं, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिथं ऊन येत होतं, कुणाला कसली घाई नव्हती, लेक टेबलावर बसून पाय हलवत होती आणि कुणीतरी तिला 'अगं पडशील' म्हणत होतं. इथं ती टेबलावर कधी बसत नसे. शुक्रवारी दुपारी हात बरणीच्या तळाला लागला तेव्हा रंगवाली भानावर आली. सकाळी बरणी निम्मी भरलेली होती. लेकीनंही ते पाहिलं होतं. आता तिला काय सांगायचं, आईनं मावशीचा खाऊ चोरून खाल्ला? शाळकरी पोरांनीही केली नसती अशी ही गोष्ट. तिचे कान लाल झाले. पण हात हुशार निघाले. तळाशी उरलेला चुरा, चार खडे आणि दोन मनुका त्यांनी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या.

तिचं दुकानातलं काम हेच होतं. लोक घरातल्या भिंतीचा टवका उडाला की तो पाकिटात घालून आणायचे आणि म्हणायचे, असाच द्या. यंत्र होतं दुकानात, पण यंत्राला टवक्यावरचा धूरही रंगच वाटतो. रंगवाली टवका खिडकीच्या उजेडात धरायची, पांढऱ्यात थेंब थेंब रंग घालून ढवळायची, पुठ्ठ्यावर बोट फिरवायची, फुंकर घालून वाळू द्यायची, कारण ओला रंग एक असतो आणि वाळला की दुसराच होतो. नवीन आलेली मुलं नेहमी एकच चूक करत. भिंतीच्या रंगाचं नाव-नंबर विचारून मूळ रंगाचा डबा काढून देत. मग गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला हजर, भिंतीवर ठिगळ दिसतंय म्हणून. रंगवाली त्यांना समजावायची, 'मूळचा रंग गेला चुलीत. इतकी वर्षं ऊन खाऊन, धूर खाऊन भिंत आज जशी झाली असेल तसा द्यायचा. मळकी असेल तर मळका.' शनिवारी सकाळी लेक काही न खाता बापाकडे गेल्यावर तिनं दुकानातून अर्धी रजा घेतली, खिडकीजवळ पांढरा कागद पसरला आणि त्यावर तो चुरा सुईनं वेगळा केला. ओट्स इकडे, बिया तिकडे. बदाम सालासकट की सोललेले, किती जाड कापलेले. खड्याची वरची बाजू कोणती आणि ट्रेला लागलेली कोणती. मनुका तिनं सुईच्या टोकावर धरून उजेडात फिरवली. एक क्षण वाटलं, मनुका आपण मागाहून घालू, दाखवू तरी कसा करतात ते. पण हात इतक्या वर्षांचे शिकलेले होते. मळकी असेल तर मळका. तिनं मनुका ओट्समध्ये आधीच मिसळल्या आणि सगळं भट्टीत सारलं.

पहिला घाणा फिका झाला. दुसरा इतका गोड की खाववेना. तिसऱ्याचा रंग जमला, वास जमला, पण खडे काही धरेनात, सगळं वाळूसारखं मोकळं. चूक कुठं होते हे तिला बराच वेळ कळेना, आणि कळलं तेव्हा ती स्टुलावर बसलीच. ती सारखी हलवत होती. ओव्हनचं दार उघडायचं, उलथनं फिरवायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. बाहेर काढल्यावरही गार होईपर्यंत बोटं त्यातच. खडे व्हायला हवे असतील तर ट्रेमध्ये पसरून, दाबून, सोडून द्यायचं असतं, गार होईपर्यंत त्याच्याकडे ढुंकून बघायचं नसतं. म्हणजे ती बाई सोडून देऊ शकत होती. ट्रे बाहेर काढून ती निवांत खुर्चीत बसली असणार, लेकीशी गप्पा मारत, आणि मागे सगळं आपोआप एकमेकांना धरून घट्ट होत गेलं असणार. 'सोड ना जरा,' नवरा म्हणायचा. लेकीच्या केसांना तिसऱ्यांदा कंगवा लावताना, पाहुणे गेल्यावर बोललेला एकेक शब्द पुन्हा उकरताना, भांडण मिटल्यावर ते मिटलं का हे पुन्हा पुन्हा विचारताना, 'अगं, सोड ना जरा.' तिनं नाही सोडलं. शेवटी त्यानंच सोडलं. आणि मग त्याला अशी मिळाली की जिला सोडता येत होतं. रंगवालीला त्या क्षणी त्या बाईच्या नवऱ्याचा नाही, घराचा नाही, लेकीच्या शनिवारांचाही नाही, तिच्या त्या रिकाम्या हातांचा हेवा वाटला. चौथ्या घाण्याला तिनं ट्रे बाहेर काढला, घराचं दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसली. शेजारच्या आजी वर चढत होत्या, म्हणाल्या, "किल्ली विसरलीस का गं?" "नाही," ती म्हणाली. "जरा बसलेय."

त्या बाईला तिनं एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या निरोपाच्या कार्यक्रमात. जाताना तिनं मनातल्या मनात तयारी केली होती. बाई सुंदर असली तर काय वाटून घ्यायचं, कुरूप असली तर काय, नटवी असली तर काय. बाई निघाली साधी. चष्मा, स्वेटर, स्वेटरचं एक बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं. तिनं रंगवालीचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय हिच्याकडून! भिंतीचा रंग नुसता बघून तुम्ही सांगता म्हणे त्यात काय काय आहे. मला तर बाई निळा आणि जांभळाही कळत नाही." आणि मनापासून हसली. रंगवाली घरी येताना सगळ्या वाटेवर त्या बोलण्यात खोट शोधत होती. टोमणा होता का? नव्हता. दाखवणं होतं का? तेही नव्हतं. माणसाचा मत्सर करायचा तर त्याच्यात काहीतरी वाईट असावं लागतं, हाताला धरायला काही मूठ तरी हवी. या बाईला मूठच नव्हती.

सोमवारी सकाळी लेकीनं बरणीतून वाटीत ओतलं. रंगवालीनं चहाचा कप ओठांशी धरला होता, त्यातून घोट घेतला नव्हता. लेकीनं घास घेतला, डोळे मिटले. मग उघडले. "आई, हा मुरला की आणखी छान लागतो गं. गेल्या आठवड्यापेक्षा भारी लागतोय." रंगवालीच्या अंगावरून आनंदाची अशी लाट गेली की तिला कप खाली ठेवावा लागला. जमलं! तोच रंग, तोच खडा, तीच कडू मनुका. आणि तेवढ्यात लेकीनं फोन उचलला. "थांब हं, मावशीला सांगते." तिनं तिथंच, वाटी हातात धरून, त्या बाईला फोन लावला आणि म्हणाली, "मावशी, तुझा ग्रॅनोला म्हणजे ना, बेस्ट!" पलीकडून हसण्याचा आवाज आला. शनिवारचा दिवस, चार घाणे, पोळलेलं बोट, सगळ्याचं श्रेय त्या हसण्यानं अलगद उचलून घेतलं आणि त्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता. रंगवाली तोंड फिरवून नळाखाली हात धुऊ लागली. हात स्वच्छच होते.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? थांबली असती. पण तिला थांबता येत असतं तर गोष्टच निराळी होती. दर शनिवारी तिनं ओव्हन पेटवला. बरणी लेकीनं जिथवर रिकामी केली असेल तिथवर, किंचित कमीच, भरून ठेवायची. लेक म्हणायची, "संपतच नाही ही बरणी! मावशी म्हणत होती आणखी देते, मी म्हटलं नको, अजून आहे." हे ऐकून रंगवालीला चोरीचा माल पचल्याचं सुख व्हायचं. त्या घरातून येणारी वाट तिनं बंद केली होती, निदान या बरणीपुरती. पण सकाळ झाली, लेकीनं डोळे मिटले की पुन्हा तेच. मिटलेल्या डोळ्यांमागे कोण असायचं? ओट्स हिचे, मध हिचा, बोटं हिची भाजलेली, आणि डोळ्यांमागे ती. ज्या दिवशी ग्रॅनोला उत्तम जमायचा त्या दिवशी ती बाई जास्तच आवडती व्हायची. जमला नाही तर रंगवालीचा जीव तुटायचा, कारण जुळवलेला रंग कमी पडणं तिला सहन होत नसे. म्हणजे चांगला केला तरी जळायचं आणि वाईट केला तरी जळायचं. आपण आपल्याच हाताच्या चवीचा मत्सर करतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती दुकानात होती, समोरच्या गिऱ्हाइकाचा राखाडी टवका हातात होता, आणि तिनं त्यात तांबड्याचे थेंब जास्त घातले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक डबा वाया गेला. मालकांनी डबा बाजूला सारला. हवा हुंगत म्हणाले, "हल्ली तुमच्या अंगाला टर्पेंटाइनऐवजी दालचिनीचा वास येतो. नोकरी सोडून बेकरी काढताय की काय?"

सुट्टी संपत आली. लेकीनं काही सांगितलं नव्हतं आणि रंगवालीनं काही विचारलं नव्हतं. शुक्रवारची सकाळ होती. रंगवालीनं चपला घातल्या होत्या, दुकानाची किल्ली पिशवीत ठेवली होती. लेक टेबलाशी बसून खात होती. मनुका नेहमीप्रमाणे कडेला सारल्या होत्या. "आई," ती म्हणाली, "मावशी आता मनुका मागाहून घालते. ट्रे बाहेर काढल्यावर. तिला कुणीतरी सांगितलं, आधी घातल्या की जळतात म्हणून. तिला माहीतच नव्हतं! स्वतःलाच केवढी हसली."

"हो का," रंगवाली म्हणाली.

"हं. मऊ लागतात आता. कधीच बदललं तिनं, मागच्या महिन्यात." लेकीनं एक मनुका चमच्यावर घेतली आणि आईच्या तोंडासमोर धरली. "या मात्र अजून जळक्याच."

रंगवालीनं त्या मनुकेकडे पाहिलं. भिंतवाल्यानं सगळी भिंत नव्यानं रंगवून घेतली होती आणि तिचं ठिगळ तेवढं जुन्या रंगाचं उरलं होतं. दुकानात असं झालं की ती म्हणायची, मला सांगायला हवं होतं ना आधी. इथं कुणाला म्हणणार? कान, गाल, मान सगळं गरम झालं. खोटं बोलावं असं वाटलं, पण खोट्यालाही तयारी लागते. "केव्हा कळलं तुला?"

"तेव्हाच."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस म्हणून." लेकीनं मनुका तोंडात टाकली. "आई, तू ना, एक नंबरची जळकुकडी आहेस."

"आहे," रंगवाली म्हणाली. शब्द सहज निघाला, जसा काही केव्हापासून दारातच उभा होता. "फार आहे. तुझी मावशी मला बघवत नाही. चांगली आहे म्हणून तर मुळीच बघवत नाही. तू तिकडून आलीस की मी तुझ्या कपड्यांचा वास घेते, तिकडचा साबण लागलाय का बघायला."

लेक हसणार होती, हसली नाही. "मग तिच्यासारखा कशाला केलास? तुझा करायचास, वेगळा."

"माझा कसा असतो ते मला कुठं माहीत आहे?" ती टेबलाला धरून उभी राहिली. "तू डोळे मिटून खायचीस. मला बघायचं होतं, तिकडे तू कशी दिसतेस ते."

लेकीनं वाटीतलं उरलेलं दूध चमच्यानं गोल गोल फिरवलं. मग वाटीतच बघत म्हणाली, "बाबांना मी काल सांगितलं." काय सांगितलं हे रंगवालीला कळलं होतं, तरी तिनं विचारलं, आणि लेकीनं सांगितलं, की सोमवार ते शुक्रवार तिकडे राहीन, शनिवार-रविवार इकडे येईन. उलट होईल फक्त. इतकंच. रंगवालीनं ऐकलं. छातीत काहीतरी एकदम रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या जागेतून जुन्या सवयीनं जो शब्द यायचा तोच आला. "छान," ती म्हणाली.

चमचा टेबलावर आपटला. "छान काय छान! एकदा तरी म्हणायचंस!"

"काय म्हणायचं?"

"जाऊ नकोस म्हणून! बाबा म्हणाले, आईची काही हरकत नाही, तिला चालेल. आणि तू एक शब्द काढत नव्हतीस. मी रोज सकाळी इथं बसायचे आणि मला वाटायचं, आज म्हणेल. आज नक्की म्हणेल. आणि तू नुसती बरणी भरून ठेवायचीस!"

"अगं, दबाव नको असं आमचं ठरलं होतं."

"थोडा घालायचास ना!" लेक ओरडली. तिचा आवाज चिरकला आणि नाक लाल झालं, लहानपणी व्हायचं तसं. रंगवालीनं हळूच विचारलं, "म्हटलं असतं तर राहिली असतीस?" लेकीनं विचार केला. हो म्हणणं तिला अगदी सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "रोज दोन बस कोण बदलणार. पण म्हणायचं होतंस."

पिशवीत फोन वाजू लागला. मालक बंद दुकानापुढे उभे असणार. रंगवालीनं पिशवी खुर्चीवर ठेवली. इतके दिवस दाबून दाबून ते वाक्य आत कुठं जाऊन पडलं होतं कोण जाणे, ते वर आलं तेव्हा घोगरं आणि वेडंवाकडं होतं. "जाऊ नकोस," ती म्हणाली.

"आता काय उपयोग," लेक म्हणाली. "मी सांगून बसले."

"जाऊ नकोस." या वेळी ते जरा सरळ आलं. "मला इथं एकटीला करमत नाही. शनिवारी तू गेलीस की मी घरात दिवेसुद्धा लावत नाही. जाऊ नकोस."

लेकीनं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, गुडघ्यांना मिठी मारली आणि हनुवटी त्यांच्यावर टेकवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती. फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"अजून म्हण," ती म्हणाली.

"जाऊ नकोस," रंगवाली म्हणाली, आणि पायातल्या चपला काढून तिच्यासमोर बसली.